सीताफळाच्या गुणसूत्रांपासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत : डॉ. कमल रणदिवे यांची गोष्ट

गोंदियाहून मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस तुमसर रोड आणि भंडारा रोड या दोन्ही स्टेशनांवर थांबते. या गाडीत नोकरदार असतात, विद्यार्थी असतात, आणि अधूनमधून औषधांची पिशवी आणि तपासण्यांची जाड फाइल सांभाळत बसलेले आईबापही असतात. मांडीवर तीन-चार वर्षांचं मूल असतं. आधी ताप येतो आणि हटत नाही. मग मूल पांढरंफटक पडतं, अंगावर निळे डाग उठतात, पाय दुखतात म्हणून ते चालायला तयार होत नाही. गावातले डॉक्टर भंडाऱ्याला पाठवतात, भंडाऱ्याहून नागपूरला, आणि कधी कधी पुढचा रस्ता मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत जातो.

त्या फाइलमध्ये एक कागद असतो, जो घरातल्या कुणालाच वाचता येत नाही. बाराव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांची अदलाबदल, किंवा नवव्या आणि बाविसाव्याची, असं काहीतरी त्यावर लिहिलेलं असतं. आईबापांचे प्रश्न मात्र साधे असतात. हे आमच्यामुळे झालं का? आणि बरं झाल्यावर पुन्हा उलटेल का?

या दोन प्रश्नांमागे शंभराहून जास्त वर्षांचं संशोधन आहे. त्यातला बराचसा भाग जर्मनी, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये घडला. पण भारतात कर्करोगाच्या पेशीकडे बघायची नजर ज्यांनी तयार केली, त्यांत पुण्यात वाढलेल्या आणि परळमध्ये आयुष्य घालवलेल्या एका मराठी बाईंचं नाव फार वरचं आहे. त्या म्हणजे डॉ. कमल जयसिंग रणदिवे.

वडिलांना डॉक्टर हवी होती

कमल यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचं आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आईचं नाव शांताबाई. घरातल्या सगळ्या मुलांनी, मुलींनीसुद्धा, शिकलंच पाहिजे असा वडिलांचा आग्रह होता. त्या काळच्या पुण्यातही सगळ्या घरांत हे नव्हतं.

कमल यांचं शालेय शिक्षण हुजूरपागेत झालं. अभ्यासात त्या हुशार होत्या. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावं, डॉक्टर व्हावं आणि डॉक्टर मुलाशीच लग्न करावं, अशी वडिलांची इच्छा होती. कमल यांनी दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. त्यांनी फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि बी.एस्सी. विशेष प्रावीण्यासह पूर्ण केलं. त्यानंतर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्या पुढे शिकू लागल्या. १३ मे १९३९ रोजी त्यांचं लग्न झालं. नवरा जयसिंग रणदिवे हे गणिताचे माणूस होते.

वडिलांची डॉक्टरकीची इच्छा मात्र वेगळ्या वाटेने खरी झाली. कमल यांनी कधी रुग्ण तपासले नाहीत, पण पुढची चाळीसेक वर्षं त्यांचा सगळा वेळ रोगांमागची कारणं शोधण्यात गेला.

सीताफळातली गुणसूत्रं

एम.एस्सी.साठी त्यांनी निवडलेला विषय आज वाचला तर आश्चर्य वाटतं. सीताफळ कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास! सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा ही सगळी याच कुळातली मंडळी. १९४३ मध्ये त्यांना ही पदवी मिळाली.

गुणसूत्र म्हणजे काय, हे इथे थोडक्यात समजून घ्यायला हवं. वनस्पती-प्राण्यांच्या बहुतेक पेशींत एक केंद्रक असतं. त्या केंद्रकात डीएनएचे लांबच लांब धागे असतात. पेशीची दोन पेशींत विभागणी व्हायची वेळ आली की हे धागे गुंडाळून आखूड, जाड होतात आणि रंग दिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागतात. तीच गुणसूत्रं. शरीर कसं घडवायचं, कोणती पेशी कधी वाढवायची आणि कधी थांबवायची, याच्या सूचना म्हणजे जनुकं या धाग्यांवर ओळीने मांडलेली असतात.

एखाद्या वनस्पतीच्या पेशीत गुणसूत्रं किती, त्यांचा आकार कसा, विभागणीच्या वेळी ती कशी वागतात, हे बघणं हे त्या काळचं नवं शास्त्र होतं. वनस्पतींच्या बाबतीत ते बऱ्यापैकी पुढे गेलं होतं. माणसाच्या बाबतीत मात्र गंमत होती. १९४३ मध्ये जगभरच्या पुस्तकांत माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असंच छापलेलं होतं. खरी संख्या ४६ आहे, हे ज्यो हिन त्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखवून दिलं.

म्हणजे कमल सीताफळाची गुणसूत्रं तपासत होत्या तेव्हा माणसाची गुणसूत्रं जगात कुणालाच नीट मोजता आलेली नव्हती. पण कर्करोगाचं मूळ गुणसूत्रांच्या बिघाडात असावं, हा अंदाज थिओडोर बोव्हेरी या जर्मन शास्त्रज्ञाने १९१४ मध्येच मांडून ठेवला होता. तो खरा की खोटा हे ठरवायला साधनं नव्हती, एवढंच.

परळमध्ये खानोलकरांच्या हाताखाली

लग्नानंतर कमल मुंबईला आल्या. परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं होतं. तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. धोतर किंवा साडी कमरेला जिथे घट्ट बांधली जाते तिथे होणारा त्वचेचा कर्करोग, तंबाखू खाणाऱ्यांचा तोंडाचा कर्करोग, अशा आपल्याकडच्या सवयींशी जोडलेल्या रोगांचा अभ्यास करणारे ते मोठे विकृतिशास्त्रज्ञ. भारतातल्या कर्करोग संशोधनाचा पाया त्यांनी घातला असं म्हटलं जातं.

कमल रुग्णालयात काम करत करत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी.चा अभ्यास करू लागल्या. १९४९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय होता उंदरांमधला स्तनाचा कर्करोग.

इथे उंदीरच का, असा प्रश्न पडू शकतो. माणसांत एखाद्याला कर्करोग का झाला आणि शेजाऱ्याला का झाला नाही, हे सांगणं अवघड असतं. दोघांचं आनुवंश वेगळं, खाणं वेगळं, वय वेगळं. म्हणून प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या भावंडांमध्येच प्रजनन करून उंदरांचे वंश तयार केले जातात. वीसेक पिढ्यांनंतर त्या वंशातला प्रत्येक उंदीर दुसऱ्याचा जवळजवळ जुळा भाऊ असतो. मग एका वंशात कर्करोग भरपूर आणि दुसऱ्यात नगण्य दिसला, तर तो फरक कशामुळे हे शोधता येतं.

अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग केला होता. कर्करोग जास्त असलेल्या वंशातली पिल्लं जन्मताच कर्करोग कमी असलेल्या माद्यांच्या दुधावर वाढवली, तर मोठेपणी त्यांच्यातला स्तनाचा कर्करोग कमी झाला. म्हणजे उंदरांत हा रोग नुसता रक्तातून आलेला नव्हता. दुधातून जाणारी काहीतरी गोष्ट, जी पुढे विषाणू ठरली, तीही लागत होती. हे फक्त उंदरांच्या या वंशांबद्दल खरं आहे, माणसाच्या आईच्या दुधाशी त्याचा संबंध नाही.

आनुवंश, शरीरातली संप्रेरकं आणि विषाणू या तिघांची सांगड कर्करोगात कशी बसते, हाच कमल रणदिवे यांच्या संशोधनाचा मुख्य धागा राहिला. रोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती आणि संप्रेरकं-विषाणू यांचं नातं दाखवणाऱ्या सुरुवातीच्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

बाल्टिमोरला शिकल्या, मुंबईत उभं केलं

डॉक्टरेट झाल्यावर खानोलकरांनी त्यांना परदेशी जाऊन शिकायला प्रोत्साहन दिलं. फेलोशिप मिळाली आणि त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. गे यांचं नाव तेव्हा एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होतं. शरीरातून काढलेल्या जिवंत पेशी काचेच्या नळीत वाढवणं. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या आणि आजही जगभर वाढत असलेल्या हेला पेशी याच प्रयोगशाळेतल्या.

पेशी नळीत वाढवणं सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्या पेशींना योग्य क्षार, साखर, प्रथिनं, तापमान सगळं लागतं. एक जीवाणू जरी आत शिरला तरी आठवड्यांची मेहनत फुकट. आज हे द्रव बाटलीत विकत मिळतात. तेव्हाच्या भारतात मिळत नव्हते.

कमल शिकून परत आल्या. १९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालं होतं. तिथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा आणि पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पेशींना लागणारी पोषक द्रावणं आणि रसायनं त्यांनी आपल्या सहकाऱ्यांकडून तिथेच तयार करून घेतली. कर्करोग कशाने होतो, पेशीचं जीवशास्त्र आणि प्रतिकारशक्ती या विषयांचे नवे विभाग त्यांच्या काळात सुरू झाले. परदेशात गेलेल्या भारतीय संशोधकांना परत बोलावून या कामाला लावणाऱ्यांमध्येही त्या होत्या.

१९६६ ते १९७० या काळात त्या या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९६६ मध्येच रुग्णालय आणि संशोधन केंद्र मिळून टाटा मेमोरियल सेंटर झालं. या संशोधन संस्थेचा वारसा आज नवी मुंबईत खारघरला अॅक्ट्रेक या नावाने चालू आहे.

कुष्ठरोगाचं एक वळण

पेशीसंवर्धनाचं तंत्र हाती आल्यावर ते फक्त कर्करोगापुरतं राहिलं नाही. कुष्ठरोगाचा जीवाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नाही, ही जगातल्या शास्त्रज्ञांची जुनी अडचण. १९५८ मध्ये सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून एक जीवाणू वेगळा करून वाढवल्याचं जाहीर केलं. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जीवाणू असं नाव पडलं. हा खरा कुष्ठजंतू नव्हे, त्याच्या दूरच्या नात्यातला आहे. पण त्याच्यावरून पुढे डॉ. एम. जी. देव आणि सहकाऱ्यांनी कुष्ठरोगावरची एक लस तयार केली.

१९६४ मध्ये कमल यांना भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रातला वाटुमल फाउंडेशनचा पुरस्कारही मिळाला.

रक्ताचा कर्करोग आणि उलटणारा आजार

स्तन आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगांबरोबर कमल यांच्या प्रयोगशाळेने ज्या तिसऱ्या रोगाचा प्राण्यांमध्ये अभ्यास केला, तो म्हणजे ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग.

आपलं रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतं. तिथे पांढऱ्या पेशी जन्मतात, वाढतात, कामाच्या होतात आणि रक्तात उतरतात. ल्युकेमियात एखादी पेशी अर्धवट वयातच अडकते. ती कामाची होत नाही, पण तिची विभागणी थांबत नाही. तिची पिल्लावळ मज्जा भरून टाकते. मग तांबड्या पेशींना जागा उरत नाही म्हणून मूल पांढरं पडतं, रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात म्हणून डाग उठतात, आणि निरोगी पांढऱ्या पेशी नाहीत म्हणून ताप हटत नाही.

कमल पीएच.डी. करत होत्या त्याच काळात अमेरिकेत एक मोठी घटना घडली. बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध द्यायला सुरुवात केली. हे औषध ज्या संशोधन गटात तयार झालं, त्याचे प्रमुख होते भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ च्या अहवालात सोळा मुलांपैकी दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली. तोवर या रोगावर काहीच नव्हतं, मुलं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जायची.

पण ही सुधारणा टिकली नाही. काही महिन्यांत आजार उलटला. तेव्हापासून आजपर्यंत मुलांच्या ल्युकेमियातला खरा शत्रू हाच राहिला आहे. पहिल्यांदा आजार आटोक्यात आणणं बहुतेकांच्या बाबतीत जमतं. तो परत न येऊ देणं अवघड.

याचं कारण आकड्यांतून कळतं. निदान होतं तेव्हा मुलाच्या शरीरात रोगट पेशींची संख्या साधारण एक लाख कोटी असते. औषधाने त्यातल्या शंभरातल्या नव्याण्णव मारल्या तरी हजार कोटी उरतात. मज्जेत रोगट पेशी पाच टक्क्यांहून कमी दिसल्या की आजार आटोक्यात आला असं डॉक्टर म्हणतात. मूल खेळू लागतं, केस परत येतात. पण आत उरलेल्या पेशी उपचार थांबले की पुन्हा वाढू शकतात. म्हणूनच मूल ठणठणीत दिसत असलं तरी उपचार दोन-अडीच वर्षं चालू ठेवावे लागतात.

उंदरांमध्ये ल्युकेमियाचे धागेदोरे सापडत होते. १९५१ मध्ये लुडविक ग्रॉस यांनी ल्युकेमिया भरपूर असलेल्या वंशातल्या उंदरांचा पेशीविरहित अर्क दुसऱ्या वंशाच्या नवजात पिल्लांना टोचला आणि त्यांनाही ल्युकेमिया झाला. मोठ्या उंदरांना टोचला तर तसं होत नव्हतं. म्हणजे आनुवंश, विषाणू आणि वय असे तिन्ही घटक जुळावे लागत. मुंबईच्या प्रयोगशाळेत नेमका याच जातीच्या प्रश्नांचा अभ्यास चालू होता.

मुलांच्या ल्युकेमियामागे मात्र उंदरांसारखा विषाणू सापडला नाही. उत्तर सापडलं ते गुणसूत्रांत. म्हणजे कमल यांनी सीताफळापासून जिथे सुरुवात केली होती, तिथेच विज्ञान फिरून आलं.

कागदावरच्या आकड्यांचा अर्थ

१९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक आखूड झालेलं गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट रौली यांनी दाखवलं की ते नुसतं तुटलेलं नाही, तर नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपले तुकडे एकमेकांना दिले आहेत. दोन पुस्तकांची पानं चुकून एकमेकांत शिवली जावीत तसं. त्या जोडावर एक नवंच जनुक तयार होतं आणि ते पेशीला सतत वाढण्याचा हुकूम देत राहतं.

पुढे मुलांच्या ल्युकेमियात असे कितीतरी बदल सापडले. आणि एक फार उपयोगी गोष्ट कळली. सगळे बदल सारखे धोकादायक नसतात.

बाराव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांची अदलाबदल असेल, तर आजार उलटण्याचा धोका तुलनेने कमी. ही अदलाबदल साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाही, रंगीत चकाकणाऱ्या खुणा लावून ती शोधावी लागते. पेशीत ४६ ऐवजी पन्नासहून जास्त गुणसूत्रं असतील, तरीही निकाल सहसा चांगला. उलट गुणसूत्रं ४४ पेक्षा कमी असतील तर धोका मोठा. एक वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची तोडजोड झालेली असेल, तर आजार चिवट असतो. नवव्या आणि बाविसाव्याची अदलाबदल एकेकाळी मुलांमध्ये अतिशय वाईट समजली जायची. आता तिच्यातून तयार होणाऱ्या प्रथिनावर नेमका घाव घालणाऱ्या इमॅटिनिबसारख्या गोळ्या आल्याने चित्र बदललं आहे.

म्हणून तो न वाचता येणारा कागद महत्त्वाचा. कोणत्या मुलाला सौम्य उपचार पुरतील आणि कोणाला सुरुवातीपासून कडक द्यावे लागतील, हे ठरवायला तो मदत करतो. गरज नसताना जास्त औषध दिलं तर जंतुसंसर्गाने मूल दगावू शकतं. गरज असताना कमी दिलं तर आजार उलटू शकतो.

पण गुणसूत्रांचा अहवाल म्हणजे कुंडली नव्हे. मुलाचं वय, सुरुवातीची पांढऱ्या पेशींची संख्या आणि सगळ्यांत जास्त म्हणजे पहिल्या महिन्याच्या उपचारांना मज्जेने दिलेला प्रतिसाद, हे सगळं मिळून धोका ठरतो. आज दहा हजार पेशींत एक रोगट पेशी उरली असेल तरी ती शोधता येते. चांगलं गुणसूत्र असूनही पेशी उरल्या तर उपचार वाढवतात.

आता आईबापांचा पहिला प्रश्न. हे आमच्यामुळे झालं का?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागात सिकलसेल हा आजार लोकांना चांगला माहीत आहे. तो आईवडील दोघांकडून जनुक आल्यावर होतो, म्हणून लग्नाआधी तपासणी करा असं सांगितलं जातं. त्यामुळे गुणसूत्रांत बिघाड हे शब्द कानावर पडले की हेही घराण्यातून आलं, असा समज होतो. बोट बहुतेक वेळा आईकडे जातं.

ल्युकेमियातला बिघाड मात्र वेगळा आहे. तो सहसा आईवडिलांकडून आलेला नसतो. मुलाच्या शरीरातल्या एखाद्याच रक्तपेशीत तो नंतर घडतो आणि तिच्या पिल्लावळीत उतरतो. बाकीच्या शरीरातली गुणसूत्रं ठीक असतात. बारा आणि एकवीसची अदलाबदल तर अनेकदा बाळ पोटात असतानाच होते, हे जन्मानंतर टाचेतून घेऊन कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांवरून सिद्ध झालं आहे. तरीही अशी पेशी घेऊन जन्मलेल्या बहुतेक बाळांना कधीच ल्युकेमिया होत नाही. त्यासाठी पुढे आणखी बिघाड व्हावे लागतात. त्यात आईच्या खाण्याची, कामाची किंवा नशिबाची चूक नसते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये आणि काही मोजक्या आनुवंशिक आजारांत धोका जास्त असतो, पण ती उदाहरणं थोडी.

बायका शास्त्रज्ञ झाल्यावर घर कोण बघणार?

कमल यांनी स्वतः संसार आणि प्रयोगशाळा दोन्ही सांभाळलं. त्यांना अनिल नावाचा मुलगा होता. आपल्या मागून येणाऱ्या मुली शिकतात, एम.एस्सी. होतात आणि लग्न-मूल झाल्यावर प्रयोगशाळेतून गायब होतात, हे त्यांना दिसत होतं. १९७३ मध्ये त्यांनी अकरा सहकाऱ्यांना सोबत घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली.

या संघटनेने नुसती भाषणं केली नाहीत. वाशीला तिच्या मुख्यालयात नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर चालतं. संशोधन करणाऱ्या बाईला आधी काय लागतं, हे स्वतः अनुभवलेल्या बायकांनीच ते ठरवलं होतं.

१९८२ मध्ये भारत सरकारने कमल रणदिवे यांना पद्मभूषण दिलं.

अकोल्यातली मुलं

निवृत्तीनंतर त्या मुंबईत बसून राहिल्या नाहीत. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. राजूरच्या सत्यनिकेतन या संस्थेशी त्यांचं काम जोडलेलं होतं. मुलं किती खातात, काय खातात, त्यांची वाढ कशी होते, याची पद्धतशीर माहिती त्यांनी गोळा केली. गावातल्या बायकांना आरोग्याचं साधं शिक्षण दिलं.

उंदरांच्या पेशी बघणाऱ्या शास्त्रज्ञाने हे काम का करावं, असं वाटू शकतं. पण कुपोषणाचा कर्करोगाच्या उपचारांशी थेट संबंध आहे. कुपोषित मुलाला ल्युकेमियाची औषधं झेपत नाहीत, संसर्ग लवकर होतो, उपचारांत खंड पडतो. म्हणून मुलांच्या कर्करोग विभागात आज डॉक्टर आणि परिचारिकांच्या जोडीला आहारतज्ज्ञही असतात.

कमल रणदिवे यांचं २००१ मध्ये निधन झालं. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या एकशे चाराव्या जन्मदिनी, गुगलने आपल्या पानावर त्यांचं चित्र लावलं. अनेक मराठी घरांत त्यांचं नाव पहिल्यांदा त्या दिवशी पोहोचलं.

आज कुठे आहोत?

मुलांच्या ल्युकेमियात आजार उलटवणारी जनुकं कमल रणदिवे यांनी शोधली, असं म्हणणं चुकीचं ठरेल. ते काम त्यांच्यानंतर आणि बरंचसं परदेशात झालं. त्यांचं योगदान वेगळं आहे. कर्करोग म्हणजे फक्त कापून किंवा जाळून काढायची गाठ नाही, तर पेशीतल्या बिघाडाचा शोध घेऊन समजून घ्यायचा आजार आहे, ही पद्धत मुंबईत रुजवणाऱ्यांत त्या होत्या. त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा, प्राण्यांचे वंश, द्रावणं आणि माणसं त्यांनी तयार केली.

१९८० च्या दशकात मुंबईचं टाटा, दिल्लीचं एम्स आणि चेन्नईचं कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर मुलांच्या ल्युकेमियासाठी एकसारखी उपचारपद्धती ठरवली. एमसीपी ८४१ या नावाने ती ओळखली जाते. त्यानंतर बरी होणारी मुलं लक्षणीय वाढली. आता देशातली अनेक रुग्णालयं इक्लिक या गटाखाली एकत्र येऊन गुणसूत्रं आणि उरलेल्या पेशी यांच्या तपासणीवरून धोक्याचे गट पाडतात आणि त्यानुसार उपचार देतात. श्रीमंत देशांत दहापैकी सुमारे नऊ मुलं या रोगातून वाचतात. आपण अजून तिथे पोहोचलेलो नाही.

त्यामागे जनुकांइतकीच दुसरीही कारणं आहेत. उशिरा निदान, उपचारातला संसर्ग आणि मधेच सोडलेले उपचार. भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातल्या शेतमजुराला दोन-अडीच वर्षं मुंबईच्या फेऱ्या मारायच्या म्हणजे रोजी बुडते, रोवणी चुकते, घरच्या दुसऱ्या लेकरांकडे बघायला कुणी उरत नाही. मूल बरं दिसू लागलं की आता कशाला जायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण नेमक्या त्याच वेळी आत हजार कोटी पेशी शिल्लक असू शकतात.

दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची राहायची सोय होते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. सुरुवातीचा कडक टप्पा मोठ्या रुग्णालयात झाल्यावर पुढच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या घराजवळ, नागपूरला किंवा भंडाऱ्याला करता येतील का, हे डॉक्टरांना विचारता येतं आणि विचारायलाच हवं. मुलाला आठवडाभराहून जास्त ताप, पांढरेपणा, अंगावर विनाकारण डाग किंवा हाडं दुखणं असेल, तर रक्ताची साधी तपासणी गावाजवळच होते. पहिला संशय तिथेच येतो.

आणि फाइलमधल्या त्या कागदाबद्दल डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात. माझ्या मुलाच्या पेशीत कोणता बदल सापडला? त्यावरून ते कोणत्या धोक्याच्या गटात येतं? आणि पहिल्या महिन्यानंतर मज्जेत किती पेशी उरल्या? ही तीन उत्तरं त्याच फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून ठेवावीत. पुढच्या फेरीला मुलासोबत आजोबा आले, मामा आला किंवा रात्री-अपरात्री ताप चढून दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं, तर तेवढं पान दाखवलं तरी पुरतं.